पीळ किती द्यायचा? कुलूप उघडण्याच्या छंदातला दुसरा हात

(मालवण इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागच्या वेळी आपण पिनच्या कुलपाचं पोट फाडून पाहिलं. आज हाताकडे वळू या. हा छंद लांबून पाहणाऱ्याला वाटतं की सगळं कसब त्या बारीक आकडीत आहे. एका हाताने भोकात आकडी घालून खाटखुट करायची आणि कुलूप उघडायचं. सिनेमातही कॅमेरा त्याच हातावर असतो. दुसरा हात काय करतो ते कुणी दाखवत नाही. आणि नवशिक्याचं घोडं अडतं ते याच दुसऱ्या हातापाशी.

हा दुसरा हात पीळ देतो. मी 'टेन्शन' हा शब्द मुद्दाम टाळणार आहे, कारण मराठीत टेन्शन डोक्याला येतं. (हशा.) कुलपाला आपण देतो तो पीळ. ओला टॉवेल पिळतो तसा, फक्त इतका हलका की टॉवेलातून थेंबही पडू नये.

आधी उजळणी, थोडक्यात. पितळेचा एक गोल गाभा, ज्यात किल्ली शिरते. त्याच्या बाहेर कवच. दोघांना आरपार जाणारी पाचेक भोकं. प्रत्येक भोकात किल्लीला टेकणारी एक पिन, तिच्या पाठीवर दुसरी, आणि तिच्यावर स्प्रिंग. या दुसऱ्या पिनला आपण अडसर-पिन म्हणायचं ठरवलं होतं, कारण दाराच्या अडसरासारखी ती अर्धी गाभ्यात आणि अर्धी कवचात राहून गाभा फिरू देत नाही. गाभा आणि कवच यांच्या मधली फट म्हणजे सांधा. किल्ली घातली की सगळ्या जोड्यांचे सांधे एका पातळीला येतात आणि गाभा फिरतो.

मग किल्लीशिवाय हे जमतं कसं? कारखान्यात भोकं पाडताना ती एका रेषेत अगदी अचूक पडत नाहीत म्हणून. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका फरक राहतोच. गाभ्याला पीळ दिला की पाचही अडसर-पिना एकदम अडकत नाहीत. जिचं भोक रेषेच्या सगळ्यात बाहेर, ती आधी चिमटीत सापडते. बाकीच्या चार मोकळ्या, स्प्रिंगवर नाचत असतात. आता आकडीने ती चिमटीतली पिन उचलली आणि अडसर सांध्याच्या वर गेला, की गाभा केसभर फिरतो. त्या केसभर फिरण्याने भोकाच्या तोंडाशी एक बारीक ओटा तयार होतो आणि अडसर-पिन त्या ओट्यावर बसते. खाली येऊ शकत नाही. मग पुढची पिन चिमटीत येते. असं एकेक करत पाच.

म्हणजे बघा, पीळ तीन कामं करतो. पिनेला चिमटीत धरतो, उचललेली पिन ओट्यावर टिकवतो, आणि आत काय चाललंय त्याची खबर बोटापर्यंत आणतो. हे तिसरं काम लोक विसरतात. पीळ फार कमी झाला तर ओटा नाहीसा होतो आणि बसलेल्या पिना टकटक करत खाली येतात. फार जास्त झाला तर पहिलीच्या जोडीला दुसरी-तिसरीही चिमटीत येते, सगळ्याच दगडासारख्या लागतात आणि खबर येणं बंद होतं.

इथे समोर गरवायला जाणारी बरीच मंडळी बसली असतील. गरी पाण्यात सोडल्यावर तंगूस बोटावर कसं धरता? ढिलं सोडलं तर मासा आमिष खाऊन जातो, कळतसुद्धा नाही. ताणून धरलं तर लाटेचा धक्का कुठला आणि माशाचा कुठला, हे समजत नाही. तंगूस जेमतेम सरळ राहील एवढं धरायचं. पिळाचं माप मला याहून चांगलं सांगता येत नाही. ज्याला गरवता येतं त्याचा अर्धा अभ्यास झालेला आहे.

आता थोडं गणित करू, कारण 'हलका' म्हणजे किती यावर लोक भांडतात. पडद्यावर बघा. आपली पट्टी ७० मिलिमीटर लांब आहे. गाभ्याचा व्यास साधारण पावणेतेरा मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या सव्वासहाच्या थोडी वर. सत्तरला त्याने भागा, अकरा येतात. म्हणजे पट्टीच्या टोकाला बोटाने जेवढं दाबाल त्याच्या अकरा पट जोर आत पिनेच्या कुशीला बसतो. वीस ग्रॅम दाबलंत तर आत सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. घर्षण त्याच्या चौथा-पाचवा हिस्सा धरलं, तर ती पिन उचलायला स्प्रिंगशिवाय चाळीस-पन्नास ग्रॅम जास्तीचा जोर लागतो. आकडीला तो पेलतो आणि बोटाला तो जाणवतो. उत्तम. आता नवशिका काय करतो? कुलूप उघडत नाही म्हणून दोनशे ग्रॅम दाबतो. आत सव्वादोन किलो. पिन उचलायला आता चारशे-पाचशे ग्रॅम लागतात. अर्ध्या मिलिमीटर जाडीची आकडी वाकायला लागते, आणि तो म्हणतो आकडी हलक्या प्रतीची आहे. आकडी वाकणं हे पीळ जास्त झाल्याचं पहिलं चिन्ह समजा. नवी आकडी विकत घेऊ नका, आधी बोट हलकं करा.

वीस ग्रॅम म्हणजे किती हे हाताला कळायला हवं. २०११ पासून आलेलं एक रुपयाचं नाणं साधारण पावणेचार ग्रॅमचं आहे. पाच नाणी कागदात गुंडाळून दोऱ्याने पट्टीच्या टोकाला टांगा. झाला पीळ. हात न लावता. कुलूप शिकंजात आडवं धरून पाच नाण्यांवर एखादं साधं पाच पिनांचं कुलूप उघडून बघा, मग सात नाण्यांवर, मग दहावर. कोणत्या कुलपाला किती लागतं याची वही ठेवा. हे पोरकट वाटेल, पण दोन संध्याकाळीत बोटाला जे कळतं ते महिनाभर चाचपडून कळत नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर त्याच्यावर बोट टेकवून डोळे मिटायचे, वीस ग्रॅम वाटले की डोळे उघडायचे. बहुतेकांचे पहिल्यांदा ऐंशी ते शंभर येतात. आणखी एक सोपी खूण: पट्टी दाबणाऱ्या बोटाच्या नखाखालचा गुलाबी रंग बघा. तो पांढरा झाला तर तुम्ही कुलपाला पिळत नाही, छळताय.

पट्टी कुठे घालायची, यावर येऊ. किल्लीच्या भोकाच्या दोन कडा. एक पिनांच्या बाजूची, तिला माथा म्हणू. दुसरी तळ. दाराच्या कुलपात आणि हातातल्या टाळ्यात वर-खाली बदलत राहतं, म्हणून 'वर' 'खाली' म्हणायचंच नाही. पिना जिकडे तो माथा, मग कुलूप कसंही धरा.

बाजारात मिळणाऱ्या संचात बहुतेकदा तळाच्या पट्ट्या असतात. एल आकाराची, पुढचा पाय लांब, तळाच्या कडेला सरकवायची. शिकायला सोपी, पटकन बसते. पण तिने भोकाचा तळ व्यापला की आकडीला वावर उरत नाही. खोल पिन उचलताना आकडी पट्टीला घासते, आणि पिनेची खबर येतेय की पट्टीची तेच कळेना होतं. माथ्याची पट्टी आखूड पायाची असते. पहिल्या पिनेच्या आधी जी दोन-तीन मिलिमीटर जागा असते तेवढ्यातच ती चपखल बसते. तळ पूर्ण मोकळा. माझं मत विचाराल तर नवशिक्याने माथ्याच्या पट्टीपासूनच सुरुवात करावी. बसवायला दहा मिनिटं जास्त जातील, कानशीने टोक थोडं घासावं लागेल, पण नंतरचे दहा महिने वाचतील. फक्त तिचं टोक पहिल्या पिनेला टेकत नाही ना, एवढं तपासा. टेकलं तर ती पिन कायमची दबलेली राहते आणि तुम्ही बाकीच्या चौघींवर रात्र काढता.

टोक भोकात डुलता कामा नये. डुललं की पिळाचा अर्धा भाग पट्टी तिरकी होण्यात जातो. म्हणून एकाच जाडीची पट्टी सगळ्या कुलपांना चालत नाही. पाऊण मिलिमीटरपासून सव्वा मिलिमीटरपर्यंत तीन-चार जाडीच्या ठेवा, आणि भोकात जी जाडीत जाड बसेल ती वापरा.

लांबीचं काय? लांब पट्टीने बोटाला कमी दाबावं लागतं हे आपण पाहिलं. पण बोटाची चूकही अकरा पट होऊन आत जाते. आखूड, समजा २० मिलिमीटरची घेतली, तर बोटाची चूक तिप्पटच होते. मग आखूडच चांगली नव्हे का? नाही. कारण खबर. गाभा एक अंश फिरला तर सत्तर मिलिमीटरच्या पट्टीचं टोक सव्वा मिलिमीटर हलतं, डोळ्यालासुद्धा दिसतं. वीसच्या पट्टीचं टोक जेमतेम पाव-अर्धा मिलिमीटर. साठ-सत्तरच्या आसपास दोन्हींचा मेळ बसतो, म्हणून जगभर बहुतेक पट्ट्या तेवढ्या दिसतात. काही पट्ट्या दांड्याला पीळ देऊन स्प्रिंगसारख्या लवचिक केलेल्या मिळतात. त्यांनी जोर आपोआप सारखा राहतो, खरं आहे. पण ती लवचीक दांडी खबर गिळून टाकते. मला त्या आवडत नाहीत.

ही खबर कुठे कामाला येते सांगतो. बऱ्या प्रतीच्या कुलपात काही अडसर-पिना सरळ नसतात, मधे कंबर बारीक केलेल्या असतात. डमरूसारख्या. तिला उचलताना तिची कंबर सांध्यात अडकते आणि गाभा दोन-चार अंश फिरून थांबतो. वाटतं, उघडलंच! पण नाही. ही फसवी बैठक. आता त्या पिनेला आणखी उचललं की तिची खालची कड गाभ्याला उलट ढकलते, आणि तुमची पट्टी बोटाविरुद्ध मागे येऊ लागते. नेमकं इथे हाताची सवय आड येते. पट्टी मागे यायला लागली की माणूस घाबरून जास्त दाबतो. इथे करायचं ते उलट: बोट थोडं सोडायचं, पट्टीला मागे येऊ द्यायचं, पण बाकीच्या पिना गळणार नाहीत एवढं धरून. पतंगाची ढील देतात तसं. डमरू पार झाला की गाभा स्वतःहून पुढे येतो. हे ज्याला जमलं त्याला पीळ कळला.

इथे जरा इतिहासात जाऊ या, कारण पिळाची ताकद जगाने पाहिली ती एका जाहीर प्रयोगात. १८५१ साली लंडनला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. अमेरिकेतून आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज नावाचा कुलूपवाला तिथे आला. इंग्रजांना दोन कुलपांचा भारी अभिमान होता. एक चब कंपनीचं 'डिटेक्टर' कुलूप. पोर्ट्समथच्या सरकारी गोदीत १८१७ साली चोरी झाल्यावर सरकारने बक्षीस लावलं आणि १८१८ साली जेरेमाया चबने ते बनवलं. त्यात खुबी अशी की एखादी लिव्हर वाजवीपेक्षा जास्त उचलली गेली की कुलूप अडकून बसे, आणि मालकाला कळे की कुणीतरी हात लावलाय. हॉब्जने ते पंचवीस मिनिटांत उघडलं, आणि सात मिनिटांत पुन्हा लावूनही दाखवलं. दुसरं ब्रामाचं. पिकॅडिलीतल्या दुकानाच्या काचेत ते कित्येक दशकं पाटीसकट टांगलेलं होतं: उघडून दाखवा, दोनशे गिनी घेऊन जा. हॉब्जला त्याला एक्कावन्न तास लागले, सोळा दिवसांत विभागून. पण उघडलं.

त्याचं तत्त्व आपलंच होतं. बोल्टवर सतत हलका जोर ठेवायचा आणि कोणता भाग अडतोय हे तो जोर सांगेल ते ऐकायचं. आणि गंमत बघा, चबच्या कुलपातली चोर पकडणारी सोयच त्याला उपयोगी पडली. लिव्हर किती उचलली म्हणजे जास्त होते, हे कुलूप स्वतःच सांगत होतं. इंग्लंडच्या वर्तमानपत्रांतून त्यावर बराच गदारोळ झाला. उघडण्याची पद्धत जाहीर सांगावी की नाही, हा वाद तेव्हापासूनचा आहे. माझा कौल सांगण्याच्या बाजूने आहे. चोराला हे शिकायला वेळ नसतो, त्याच्याकडे पहार असते. कुलूप विकत घेणाऱ्याला मात्र ते किती पाण्यात आहे हे कळायला दुसरा मार्ग नाही.

लिव्हरचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडचं बोलू. परदेशी पुस्तकं वाचून हा छंद लागलेल्याला इथे एक अडचण येते. पुस्तकांत सगळी पिनची कुलपं, आणि आपल्या माजघराच्या कडीला लोंबतंय ते लिव्हरचं. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला, तिकडे अलीगढ कुलपांचं गाव म्हणून नाव मिळवून बसलंच होतं, आणि या दोन्हींकडची लिव्हरची कुलपं घराघरांत गेली. '६ लिव्हर', '७ लिव्हर' असं कोरलेलं तुम्ही पाहिलं असेल. स्वस्त मालावर सात लिहिलंय म्हणून आत सात असतीलच असं धरून चालू नका.

लिव्हरच्या कुलपात फिरणारा गाभा नसतो. आत पत्र्याच्या पट्ट्या एकावर एक, प्रत्येकीत एक खाच. सगळ्या खाचा एका रेषेत आल्या की बोल्टची खुंटी त्यातून सरकते. म्हणजे पीळ द्यायचा तो बोल्टला. त्यासाठी भोकातून आत जाऊन बोल्टच्या खाचेत बसेल अशी वाकडी तार लागते, आणि त्याच भोकातून लिव्हर उचलणारी दुसरी. इथे वीस ग्रॅमचं गणित विसरा. बोल्ट जड असतो, घासत सरकतो, बऱ्याच टाळ्यांत त्यावर स्प्रिंगचाही जोर असतो. तो सगळा विरोध मोडून वर जो उरेल तो खरा पीळ. म्हणून लिव्हरला जाड, न वाकणारी तार हवी, आणि हात पिनच्या कुलपापेक्षा भारी. पिनवर तयार झालेला माणूस लिव्हरवर आला की फार हलकं धरतो, आणि लिव्हरवाला पिनवर आला की सगळं आवळून टाकतो. एक महिना एकाच जातीचं कुलूप घ्या, हा माझा आग्रह आहे.

हा 'आधीचा विरोध' आपल्या किनाऱ्यावर सगळ्यात महत्त्वाचा. पुण्यात घरात बसून सराव करणाऱ्याला तो कळणारही नाही. इथे खारी हवा. चार महिने पाऊस. पोलादी स्प्रिंगा गंजतात, पितळेवर हिरवट थर येतो, स्वस्त मिश्रधातूचा गाभा पांढरी भुकटी धरतो. अशा कुलपाला पीळ दिला की तो आधी गंजाशी भांडण्यात खर्च होतो. तुमच्या बोटावर पन्नास ग्रॅम, पिनेपर्यंत काहीच नाही. मग दाब वाढवता, गंज एकदम सुटतो आणि सगळ्या पिना एका झटक्यात आवळल्या जातात. इकडची गंजकी कुलपं शिकायला वाईट, आणि शिकल्यावर फार चांगली.

तेव्हा सरावाचं कुलूप आधी स्वच्छ करा. रॉकेलमध्ये किंवा डब्ल्यूडी-४० मारून रात्रभर ठेवा, झटकून वाळवा, मग शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब. खोबरेल घालू नका. आपल्याकडे हाताशी असतं म्हणून दाराच्या बिजागरीपासून कुलपापर्यंत सगळीकडे खोबरेल जातं. काही दिवस छान चालतं, मग धूळ धरून चिकट होतं आणि थंडीत थिजतं. चिकट कुलपात पिना बसल्याचा आवाजही येत नाही आणि सोडल्यावर त्या पडतही नाहीत, वर अडकून राहतात. तुम्हाला वाटतं बसली, आणि ती नुसती चिकटलेली.

पीळ देण्याआधी आणखी एक पाहायचं. पट्टी घालून दोन्ही दिशांना अलगद फिरवा. चुकीच्या दिशेला धातूवर धातू आपटल्यासारखं टणक लागतं. बरोबर दिशेला किंचित लुसलुशीत, कारण तिथे पिना अडवतायत. हे आधी तपासा. उलट्या दिशेने पिळत बसलेली हुशार माणसं मी पाहिली आहेत.

आता मुद्द्याचं. आपल्या जिल्ह्यात कुलूप म्हणजे काय? वर्षातले दहा-अकरा महिने बंद असलेली घरं. माणसं मुंबईला, चतुर्थीला येणार, मे महिन्यात येणार. दाराला टाळं, टाळ्यावर पावसाळ्यासाठी प्लॅस्टिकची पिशवी नाहीतर सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधलेला. गाडीतून उतरल्यावर कळतं की किल्ली अंधेरीला राहिली, किंवा किल्ली आहे पण कुलूप फिरत नाही. मग शेजारून हातोडा येतो. अशा वेळी गावात कुणाला समजलं की अमक्याला कुलूप उघडता येतं, तर त्याला बोलावणं येणार. या छंदातली खरी परीक्षा मला ती वाटते.

जर्मनीत १९९७ साली या छंदाची संघटना निघाली, पुढे इतर देशांत निघाल्या. त्यांच्यात दोन नियम सगळीकडे पाळले जातात. जे कुलूप तुमचं नाही ते मालकाच्या परवानगीशिवाय उघडायचं नाही. आणि जे कुलूप वापरात आहे, ज्याच्यावर कुणाचं घरदार विसंबून आहे, त्याच्यावर सराव करायचा नाही, मग ते स्वतःचं का असेना. दुसरा नियम तांत्रिकही आहे: पीळ जास्त झाला की पिना आणि गाभ्याच्या कडा झिजतात, कधी आकडीचं टोक तुटून आत राहतं. मग खरी किल्लीही चालत नाही.

आपला कायदा काय म्हणतो? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३० मध्ये घरफोडीची व्याख्या आहे. अतिक्रमण करण्यासाठी कुलूप 'उघडून' आत शिरणं हेही घरफोडीत येतं, तोडलंच पाहिजे असं नाही. जुन्या दंडसंहितेतही तसंच होतं. आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात योग्य कारणाशिवाय घरफोडीची हत्यारं जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. तेव्हा आकड्यांचा संच खिशात घालून रात्री दशावतार बघायला जाऊ नका. (हशा.) तो घरातच, सरावाच्या कुलपांच्या डब्यात राहू दे.

समोरून एक प्रश्न आलाय, तो तसाच वाचून दाखवतो: "घर माजा, कुलूप माजा, मगे तू उघडून दिलंस तर काय बिघाडला?" प्रश्न रास्त आहे. पण आपल्याकडे 'घर माजा' हे वाक्य इतकं साधं असतं का? सातबाऱ्यावर नावं किती? घर सामाईक, तीन भावांचं, एक इथे, दोन मुंबईला. टाळं कुणी लावलं? धाकट्याने लावलं असेल तर थोरला माझ्याकडे येऊन म्हणेल माझं घर आहे, उघड. त्याचं म्हणणं खोटं नाही. तरीही मी ते उघडलं, तर मी कुलूप उघडलं नाही, दोन भावांच्या दाव्यात पाय घातला. कुलूप फोडलं तर निदान खूण राहते, फोडणारा कोण ते दिसतं. मी उघडून परत लावलं तर काहीच दिसत नाही, आणि उद्या आतली समई हरवली तर नाव कुणाचं येईल? म्हणून मी लोकांची दारं उघडायला जात नाही. किल्ली बनवणारा धंद्याने ते काम करतो, त्याला बोलवा, चार माणसं समोर ठेवा, पोलीस पाटलाला सांगा. तुमचं एकट्याचं घर आणि हातात किल्ली, पण कुलूप फिरत नाही, असं असेल तर मात्र मी तेलाची बाटली घेऊन येईन. पट्टी आणणार नाही.

आणि घर बंद करून जाणाऱ्यांना एवढंच सांगतो की कुलूप बंद करण्याआधी त्यात तेल घाला, ट्यूबचा तुकडा भोकावर येईल असा बांधा, आणि दुसरी किल्ली शेजारी ठेवा. शेजारी किल्ली ठेवायचा भरवसा नसेल तर मग महागातलं कुलूपही फारसं उपयोगाचं नाही. शनिशिंगणापुरात घरांना दारंच नसतात, तिथे २०११ साली बँकेने बिनकुलपाची शाखाही काढली. आपल्याला तेवढं जमणार नाही, पण एक किल्ली शेजारी द्यायला हरकत नसावी.

शेवटचा प्रश्न, सामान कुठे मिळेल. विकतचा संच घेतला तरी पट्ट्या घरी बनवा. गाडीचा जुना वायपर गॅरेजवाला फेकून देतो, तो मागा. रबराच्या आत दोन्ही बाजूंना स्टेनलेस पोलादाच्या लांब पट्ट्या असतात, पाऊण ते एक मिलिमीटर जाडीच्या. आपल्या हवेत गंजत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. एका वायपरमधून पाच-सहा होतात. सत्तर मिलिमीटरचा दांडा ठेवून पकडीने काटकोनात वाकवा, थंडच वाकवा. गॅसवर तापवलीत तर पोलादाचं पाणी उतरतं आणि पट्टी मऊ पडते. माथ्याच्या पट्टीसाठी वाकवल्यावर तीन मिलिमीटर सोडून बाकी पाय कापून टाका, कडा कानशीने आणि मग बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, नाहीतर बोट कापतं आणि कापलेल्या बोटाला वीस ग्रॅम काय, काहीच कळत नाही. वायपरच्या पट्टीवर मधे खाचा असतात, त्या दांड्यात येऊ देऊ नका, तिथेच ती लवते. मागच्या टेबलावर तीन कापलेली कुलपं आणि बारा पट्ट्या ठेवल्या आहेत. नाणी तुमची तुम्ही आणायची.